आडनावातील गाव : बेने इस्राएल कुटुंबांची मूळगावयात्रा

१

इस्राएलमधील लोद, रामला, अश्दोद, बेरशेबा, दिमोना या नगरांत स्थायिक झालेली बेने इस्राएल कुटुंबे अधूनमधून महाराष्ट्रात येतात. मुंबईस उतरून ती पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा या बाजूस वळतात. अशा प्रवासात पुष्कळदा तीन पिढ्या एकत्र असतात : मुंबईत किंवा कोकणात जन्मलेली आजी, लहानपणी देश सोडलेली अथवा इस्राएलमध्येच जन्मलेली तिची मुले, आणि हिब्रू हीच ज्यांची पहिली भाषा आहे अशी नातवंडे. आपले पूर्वज ज्या गावचे म्हणविले गेले ते गाव एकदा डोळ्यांनी पाहावे, हा या प्रवासाचा हेतू असतो.

अशा प्रवासाचा विचार सामान्यतः भावनेच्या अंगाने केला जातो, आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि भाषेच्या अभ्यासकासही त्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. या कुटुंबांपैकी बहुतेकांपाशी जमिनीचे कागद, वतनाच्या सनदा किंवा लेखी वंशावळी नसतात. त्यांच्यापाशी असतो तो मुख्यतः एक शब्द, म्हणजे आडनाव. आणि त्याच्या जोडीला घरात वापरात राहिलेले आणखी काही मराठी शब्द. हे शब्द मूळगावाविषयी काय सांगतात, किती सांगतात आणि कोठे फसवितात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

कुळाचा शोध घेण्याची साधने सर्वांना सारखी लाभत नाहीत. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे तीस किलोमीटरवर असलेले वेरूळ हे भोसले घराण्याचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. या घराण्याची एक शाखा तंजावरास गेली, आणि दुसऱ्या सरफोजी राजांच्या कारकीर्दीत, १८०३ साली, तेथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा विस्तृत इतिहास मराठीत कोरला गेला. ज्या कुळाने आपली हकीकत दगडावर लिहून ठेविली त्याच्या वंशजास मूळगाव विचारीत फिरावे लागत नाही. मध्यम स्थितीतील कुटुंबांना नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा आधार मिळतो; यात्रेस आलेल्या यजमानाचे नाव, गाव आणि पूर्वजांची नावे तेथे पिढ्यान्पिढ्या नोंदविली गेली आहेत. बेने इस्राएल हे यहुदी असल्याने त्या वह्यांत त्यांची नावे असण्याचे कारण नाही.

परदेशांतील काही उदाहरणे या दृष्टीने बोधप्रद आहेत. मूळगावाच्या शोधासाठी सहकुटुंब प्रवास करणाऱ्यांत आयरिश वंशाच्या अमेरिकन व ऑस्ट्रेलियन लोकांचे उदाहरण सर्वपरिचित होय. १८४५ पासून काही वर्षे बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडमध्ये भयंकर दुष्काळ झाला. सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली आणि त्याहून कमी नव्हेत इतकी देशांतरास गेली. त्यांच्या वंशजांपाशी आडनाव असते. परंतु आयरिश आडनाव बहुधा पूर्वजाचे नाव सांगते, गावाचे नव्हे. ‘मॅक’ म्हणजे मुलगा आणि ‘ओ’ म्हणजे नातू अथवा वंशज. त्यातही इंग्रजी अमलात पुष्कळ आडनावांचे रूप पालटले, कित्येकांचे तर भाषांतर झाले. ‘लोहाराचा मुलगा’ अशा अर्थाच्या ‘मॅक अन गव्हन’ या आडनावाचे काही ठिकाणी ‘स्मिथ’ झाले. शिवाय १९२२ साली यादवी युद्धाच्या वेळी डब्लिनचे सरकारी दप्तरखाने जळाले आणि १८२१ ते १८५१ या काळातील जनगणनेची बहुतेक पत्रके नष्ट झाली. त्यामुळे तेथील शोधकास १८४७ ते १८६४ या वर्षांतील जमीनमूल्यांकनाच्या याद्यांवर विसंबावे लागते. त्या याद्या टाउनलँड नावाच्या लहान भूविभागांनुसार लावलेल्या असून असे विभाग साठ हजारांहून अधिक आहेत. गावच ठाऊक नसेल तर शोध पुढे सरकत नाही.

मॉरिशसमधील मराठी भाषकांची स्थिती याच्या उलट आहे. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून तेथे गेलेल्या भारतीयांत मराठी माणसेही होती. नोंदणीच्या वेळी त्यांचे व्यक्तिनाव अथवा वडिलांचे नाव लिहिले गेले आणि पुढील पिढ्यांना तेच आडनाव म्हणून चिकटले. आडनावातून गाव नाहीसे झाले; परंतु मजुराची नोंद करणाऱ्या सरकारी पुस्तकांत ते राहिले, आणि ती पुस्तके मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत. तात्पर्य, आयरिश कुटुंबाला गाव आडनावात मिळत नाही, मॉरिशसच्या कुटुंबाला ते दप्तरात मिळते. आणि बेने इस्राएल कुटुंबाला दप्तर बहुधा मिळत नाही, परंतु गाव आडनावातच सापडते.

३

बेने इस्राएलांची परंपरा अशी की, त्यांचे पूर्वज समुद्रमार्गाने येत असता चौलच्या उत्तरेस नवगावजवळ त्यांचे जहाज फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, आणि मृतांना नवगाव येथे पुरण्यात आले. अलिबागजवळील हे स्थान आजही त्यांच्या यात्रेचे मुख्य स्थान आहे. परंपरेतील कालनिर्णय इतिहासाला सिद्ध करता आलेला नाही. निश्चित आहे ते हे की, ही मंडळी उत्तर कोकणातील खेड्यांत पांगली, तेल गाळण्याचा व्यवसाय करू लागली, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत असल्याने ‘शनवार तेली’ या नावाने ओळखली गेली. अठराव्या शतकात त्यांच्यातील काही कुटुंबे मुंबईस आली. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, यांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनालय बांधले. पुढे रेवदंडा (१८४२), अलिबाग (१८४८), पनवेल (१८४९) येथेही प्रार्थनालये झाली. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे क्रमाक्रमाने तिकडे गेली.

त्यांची आडनावे पाहिली असता उत्तर कोकणाचा नकाशाच समोर येतो. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नवगावकर, नागावकर, किहीमकर, चेऊलकर, राजपूरकर ही त्यांतील काही नावे होत. ‘-कर’ हा प्रत्यय कोकणचाच आहे असे नाही. मराठवाड्यातही पैठणकर, बीडकर, नांदेडकर, परळीकर ही आडनावे सर्वत्र आढळतात. परंतु या प्रत्ययाचे कार्य नीट ध्यानात घेतले पाहिजे. पेण गावात राहणाऱ्या माणसास त्याच गावचे शेजारी ‘पेणकर’ म्हणत नाहीत, कारण तेथे सर्वच पेणचे. तो माणूस रोह्यास किंवा मुंबईस गेला म्हणजे तेथील लोक त्याला ‘पेणकर’ म्हणू लागतात. म्हणून असे आडनाव बहुधा गाव सोडल्यानंतर जन्मास येते. ते वास्तव्याचे चिन्ह आहे तसेच प्रस्थानाचेही आहे. इस्राएलहून आलेले कुटुंब आडनावाच्या आधारे गाव शोधू लागते, तेव्हा ज्या वाटेने ते आडनाव तयार झाले त्याच वाटेने ते उलट दिशेने चालत असते.

४

आडनावावरून गाव ओळखताना व्याकरणाकडे लक्ष द्यावे लागते. प्रत्यय लागताना ग्रामनामाचे रूप कधी तसेच राहते, कधी बदलते. पेण-पेणकर, किहीम-किहीमकर येथे बदल नाही. रोहा या नावाचे ‘रोहे’ असे रूप होऊन रोहेकर होते. रोह्यालगतच्या अष्टमीचे मात्र ‘अष्टमीकर’ न होता ‘अष्टमकर’ झाले. जंजिऱ्याजवळील राजपुरीचे ‘राजपूरकर’ झाले. अंत्य ईकाराचा हा लोप सार्वत्रिक नाही, कारण परळीचे परळीकर आणि वसईचे वसईकर असेच होते. परिणामी ‘राजपूर’ असे गाव नकाशात शोधणाऱ्यास राजपुरी सापडणार नाही, आणि ‘अष्टम’ नावाचे गाव तर कोठेच सापडणार नाही. काही वेळा प्रत्यय गळून केवळ ग्रामनामच आडनाव म्हणून उरते. १९६६ साली पद्मश्री मिळालेल्या प्रसिद्ध स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड यांचे आडनाव हे अलिबाग तालुक्यातील झिराड या गावाचेच नाव होय.

आडनाव गावाचे जुने रूप जतन करते, ही आणखी महत्त्वाची गोष्ट. आज ज्या गावास चौल म्हणतात त्याचे नाव कान्हेरीच्या प्राचीन कोरीव लेखांत ‘चेमूल’ असे आढळते. टॉलेमीने ते ‘सिमिल्ला’ असे दिले आहे, तर अरब लेखक त्यास ‘सैमूर’ म्हणतात. मराठीत स्वरमध्यस्थ मकाराचा सानुनासिक वकार होतो. ‘नाम’चे नाव आणि ‘ग्राम’चे गाव याच नियमाने झाले. त्याच नियमाने चेमूलचे चेंवूल, चेऊल आणि अखेरीस चौल झाले. बोलण्यात गाव ‘चौल’ झाले तरी ‘चेऊलकर’ या आडनावाने मधली पायरी धरून ठेविली आहे. याच स्वरूपाचा एक अनुभव येथील वाचकांस परिचित आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी येथे वसविलेले नगर पुढे फत्तेनगर झाले, नंतर औरंगाबाद झाले, आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर हे नाव अधिकृतपणे रूढ झाले. परंतु ‘औरंगाबादकर’ हे आडनाव ज्यांचे आहे त्यांच्या घरी ते नाव तसेच चालत राहते. गावाचे नाव सरकारी आदेशाने बदलते, आडनाव बदलण्यास तेवढे पुरत नाही.

लिपी बदलल्याने होणारी हानीही मोठी आहे. हिब्रू लिपीत ‘ण’ व ‘न’ यांतील किंवा ‘ळ’ व ‘ल’ यांतील भेद दाखविण्याची सोय नाही, आणि सामान्य लेखनात ऱ्हस्व स्वर लिहिलेच जात नाहीत. रोमन लिपीतही सामान्य लेखनात हे भेद राहत नाहीत. नवगाव आणि नागाव ही अलिबाग परिसरातील दोन वेगळी गावे आहेत, पण परकीय लिपीतून वाचणाऱ्या नातवास त्यांतील अंतर लक्षात येईलच असे नाही. त्याने पारपत्रावरील अक्षरे वाचून दाखविली तर कोकणातील शेतकरी गोंधळतो. आजीने तोच शब्द उच्चारला की तो तत्काळ वाट दाखवितो.

५

आडनावाखेरीज आणखी दोन प्रकारचे शब्द या शोधात उपयोगी पडतात. पहिला प्रकार व्यक्तिनामांचा. बेने इस्राएलांनी आपली बायबलमधील नावे मराठी वळणावर नेली होती : सॅम्युएलचे सामाजी, इझिकेलचे हसाजी, एलियाचे एलोजी, मोझेसचे मुसाजी, बेंजामिनचे बनाजी, अब्राहमचे अबाजी. पुढे मुंबईतील शिक्षण आणि सरकारी नोकरी यांमुळे मूळ रूपे परत आली, आणि अनेकांनी वडिलांचे नावच आडनावाच्या जागी लिहिण्यास आरंभ केला. ग्रामनामदर्शक आडनाव दप्तरातून गळाले व केवळ घरात राहिले. म्हणून ज्या घराण्याचे आज ‘बेंजामिन’ एवढेच आडनाव आहे त्याने जुन्या नोंदीत बनाजी शोधावा लागतो, आणि मूळ आडनाव कोणते ते घरातील वृद्धांना विचारावे लागते.

दुसरा प्रकार सणांच्या नावांचा. या समाजाचे विद्वान हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेला आणि १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेला बेने इस्राएलांचा इतिहास या बाबतीत बहुमोल आहे. त्यावरून दिसते की, यहुदी सणांची हिब्रू नावे सर्वत्र रूढ होण्यापूर्वी त्यांना घरगुती मराठी नावे होती. वर्षारंभाचा तो ‘नव्याचा सण’, त्यानंतर ‘खिरीचा सण’. प्रायश्चित्ताच्या दिवशी घराची दारे लावून बसत म्हणून तो ‘दारफळणीचा सण’. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा दिवस तो ‘बिरड्याचा रोजा’. बिरडे म्हणजे मोड आणून सोललेल्या वालांची उसळ. हा शब्द आणि हे खाणे कोकणचे. ‘रोजा’ हा शब्द मुसलमान शेजाऱ्यांकडून आला. प्रार्थनालयास हे लोक ‘मशीद’ म्हणत, आणि मुंबईच्या मशीद स्थानकाचे नाव दिवेकरांनी बांधलेल्या प्रार्थनालयावरून पडले असे सांगितले जाते. धर्म यहुदी, व्याकरण मराठी, शब्दांपैकी काही कोकणी शेतकऱ्याचे तर काही मुसलमान शेजाऱ्याचे, अशी ही भाषा होय. एखाद्या घरात ‘बिरड्याचा रोजा’ हे नाव अद्याप ठाऊक असेल, तर त्या घराची मुळे कोणत्या प्रदेशात आहेत हे आडनाव हरवले असतानाही सांगता येते.

६

आता तीन पिढ्यांच्या एकत्र प्रवासाचे महत्त्व स्पष्ट होईल. देशांतर करणाऱ्या कुटुंबात पहिली पिढी मूळ भाषा बोलते, दुसरी ती समजते पण उत्तर नव्या भाषेत देते, आणि तिसरीस काही शब्दच राहतात. जोशुआ फिशमन यांच्यासारख्या अभ्यासकांनी अनेक समाजांच्या संदर्भात या क्रमाचा ऊहापोह केला आहे. इस्राएलमधील बेने इस्राएल याला अपवाद नाहीत. तेथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघाले, नवसाच्या व लग्नाच्या प्रसंगी पोहे, नारळ व गूळ यांचा मलिदा आजही होतो. परंतु नातवंडांच्या पिढीत मराठी ही मुख्यतः ऐकण्याची गोष्ट झाली आहे. अशा कुटुंबात आजी हीच आडनावाचा उच्चार जाणणारी व्यक्ती असते, मधली पिढी दोन्ही बाजूंचा अर्थ लावून देते, आणि नातवंडे प्रश्न विचारतात. यांपैकी एक दुवा नसला तर प्रवास होतो, परंतु शोध होत नाही. अलिबागच्या इस्राएल आळीत उभे राहून आजी एखाद्या वृद्ध रहिवाशाशी मराठीत बोलू लागते, तेव्हा नातवंडांस प्रथमच कळते की घरात दोघांतिघांपुरती उरलेली ही भाषा येथे रस्त्यावर सर्वजण बोलतात.

या समाजाच्या बाबतीत वंशशोध हा केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बीमंडळाने विवाहनोंदणी करणाऱ्यांना असा आदेश दिला की, बेने इस्राएल व्यक्तीचा इतर यहुद्यांशी विवाह ठरल्यास तिच्या आईकडील पूर्वपरंपरा शक्य तितकी मागे जाऊन तपासावी. या आदेशाविरुद्ध समाजाने मोठी चळवळ केली. १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी यहुदीच आहेत असे घोषित केले, आणि पुढे त्या आदेशातून त्यांचा नामनिर्देश वगळण्यात आला. ज्या पिढीस अधिकाऱ्यासमोर आजीच्या आजीचे नाव विचारले गेले, तीच पिढी आज नातवंडांना घेऊन स्वेच्छेने तोच प्रश्न कोकणात विचारीत आहे. प्रश्न जुनाच असला तरी विचारणारा बदलला आहे, आणि उत्तर देण्याची सक्ती राहिलेली नाही.

७

या प्रसंगातून आडनावाच्या साक्षीची एक मोठी मर्यादाही दिसून येते. आदेशाने विचारले होते ते आईकडील कुळ. आडनाव सांगते ते वडिलांकडील. चार आजी-आजोबांपैकी एकाचेच गाव आडनावात उतरते. उरलेल्या तिघांची गावे माहेरच्या आठवणींत असतात. ‘रोहेकर’ कुटुंब रोह्यास जाऊन परत फिरले, तर आजीचे माहेर पेणचे किंवा झिराडचे होते ही गोष्ट त्याच्या प्रवासातून निसटते. दुसरी मर्यादा अशी की, एका नावाची अनेक गावे असतात. नवगाव म्हणजे नवे गाव. असे नाव कोठेही पडू शकते. दिवे हे गाव पुण्याजवळ आहे, श्रीवर्धनच्या बाजूस दिवेआगर आहे. केवळ ‘दिवेकर’ या आडनावावरून निर्णय करता येत नाही. शिवाय पेणकर, रोहेकर ही आडनावे इतर मराठी समाजांतही आढळतात. आडनाव गाव सांगते, जात किंवा धर्म सांगत नाही. तिसरी मर्यादा ही की, आडनाव ज्या गावावरून पडले त्यापूर्वी कुटुंब अन्य कोठे राहत होते की काय, याविषयी ते मूक असते.

यावरून अशा प्रवासास निघणाऱ्या कुटुंबाने काय करावे हे सहज सुचते. प्रवासापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीच्या तोंडून आडनावे, माहेरची गावे, जुनी व्यक्तिनामे आणि सणांची घरगुती नावे ध्वनिमुद्रित करून घ्यावीत. ती देवनागरीत लिहून घ्यावीत, म्हणजे ‘ण’चा ‘न’ होणार नाही. आणि गावी गेल्यावर नकाशापेक्षा उच्चारावर भर द्यावा. कब्रस्तानांतील मराठी लेख वाचून उतरून घेणे हेही तितकेच आवश्यक आहे, कारण कोकणच्या पावसात दगडावरील अक्षरे फार काळ टिकत नाहीत.

मराठी भाषेच्या अभ्यासकांकडेही यातील काही कार्य येते. कोकणातील ग्रामनामांचे स्थानिक उच्चार, त्यांवरून बनलेली आडनावे आणि त्यांतील रूपविकार यांची पद्धतशीर नोंद व्हावयास हवी; मराठवाड्यातील आडनावांसंबंधीही तसेच म्हणता येईल. जी माणसे हे शब्द जन्मतः बोलत आली ती आज ऐंशीच्या घरात आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळ जण लोद व दिमोना येथे राहतात. त्यांच्या मुखातून ही सामग्री घेण्याचे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.